वीस मुठी मीठ

वडीगोद्रीच्या प्रेमलाबाईंना शिकल्यासवरल्या माणसांचं भारी हसू यायचं. हसू कसलं, तिटकाराच! पस्तीस वर्षं त्यांनी लग्नाकार्यात चुली पेटवल्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण मांडवावरून एकदा नजर फिरवली की डाळ किती, तांदूळ किती, तेल किती, सगळं ओठांवर. आणि हे पदवीवाले? तीन पोरांत दीड डझन केळी वाटायला मोबाईल काढतात! "डोंबलाचं शिक्षण," असं म्हणून बाई नाक मुरडायच्या.

यातून सूट एकट्या नातीला, रेणूला. ती अंबडच्या कॉलेजात बी.ए.ला होती. बाकी विषयांत बरी, पण अर्थशास्त्राच्या आकडेमोडीच्या पेपरात दोनदा आपटलेली. तिसऱ्यांदा पेपर सोमवारी होता. "या खेपेला गेलीस तर कॉलेज बंद," असं तिच्या बापानं, बद्रीनाथनं, तोंडावर सांगितलेलं. क्लासवाल्या रामेश्वर सरांनी तर केव्हाच हात वर केले होते. "मावशी, गणित रक्तात असावं लागतं. हिच्या न्हाई." ते ऐकून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मेला रक्ताच्या गोष्टी करतोय! ह्याच्या रक्तात काय, सूत्रं वाहतात?

शनिवारी गावात साखरपुडा होता. हाताखालच्या दुर्गाबाईची ऐनवेळी कंबर धरली, म्हणून रेणू पुस्तक बगलेत मारून आजीबरोबर आली. बाईंचं नेहमीचं भगोनं दोन हात रुंद. आज माणसं थोडी, म्हणून वरणाला हातभर रुंदीचं काढलं आणि मोठ्यात प्यायचं पाणी भरून ठेवलं. उंचीला दोन्ही सारखीच.

वरण उकळायला लागलं तेव्हा बाई बट्ट्या भाजत होत्या. तिथूनच ओरडल्या, "रेणू, मोठ्या भगोन्याला चाळीस मुठी मीठ लागतं. त्या मानानं टाक गं!"

रेणूनं मिठाची परात उचलली आणि तिथंच थबकली. रामेश्वर सर पाहुण्यांत खुर्ची टाकून बसले होते.

"सर, रुंदी निम्मी हाय. म्हंजी वीस मुठी ना?"

सरांनी मोबाईलमधून मान वर काढली. "बिलकुल बराबर! निम्मं भांडं, निम्मं मीठ."

रेणू मोजून मुठी टाकू लागली. तेवढ्यात बाई वरण बघायला आल्या, तर हिचा हात थांबेना.

"किती टाकून राह्यलीस गं?"

"नऊ झाल्या. अजून अकरा."

बाईंनी तिचं मनगटच धरलं. "अकरा? अगं बाई! लोकांना जेवायला बोलवलंय का त्यांचं लोणचं घालायचंय?"

"मावशी, निम्म्याला निम्मंच लागतं," सर खुर्चीतून म्हणाले. "साधं सूत्र हाय."

"तुमचं सूत्र ठेवा तुमच्या खिशात!" बाई कडाडल्या. मग नातीकडं वळल्या. "सकाळी दोन्ही भगोनी तूच भरलीस न्हवं? मोठ्यात किती बादल्या गेल्या?"

"वीस."

"आन ह्याच्यात?"

"पाच..." रेणूचे ओठ हलले. ती एकदा इकडच्या भगोन्याकडं, एकदा तिकडच्या भगोन्याकडं बघू लागली. "म्हंजी चौथा हिस्सा! दहा मुठी!"

सर एकदम उठले. फोन आलाय म्हणाले. फोन काही वाजला नव्हता, पण कानाला लावून मांडवाबाहेर गेले, ते पंगतीलाही दिसले नाहीत. बाईंना हसू आवरेना.

"काय दिवे लावले तुझ्या सरानं! आन तूही तसलीच? पाच बादल्या स्वतः वाहिल्यास, तरी डोक्यात उजेड पडंना? माझी नात असून?"

रेणूचे डोळे भरून आले. "कसा पडंल, आज्जे? तू जन्मभर हेच करत आलीस, मला एकदा तरी चुलीजवळ येऊ दिलंस? आले की तुझं आपलं एकच. धूर लागंल, हात काळे होतील, जा, अभ्यास कर. तुला एवढं येतं, हे मला आज कळून राह्यलंय."

आजवर गावातल्या झाडून सगळ्या शहाण्यांची अक्कल बाईंनी काढली होती, आणि आपल्याजवळचं होतं ते पोरीला दाखवलंसुद्धा नव्हतं. त्यांना लाज वाटली. लाज वाटायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्या उगाच पदरानं भगोन्याची कड पुसत राहिल्या.

मग त्यांनी परात पुन्हा रेणूपुढं धरली.

"एक मूठ राह्यली हाय, टाक. आन ते पुस्तक आण इकडं, धुरात."