चुलीचं नाक

मोठे बाबांचा फोन आला तेव्हा मी नांदगाव पेठेत, कंपनीच्या गेटबाहेर ऑटोची वाट पाहत उभी होते. ते फोनवर कशी आहेस, जेवली का वगैरे कधी विचारत नाहीत. थेट मुद्द्यावर येतात.

"तुही मोठीमाय ऐकून नाही राहिली. म्या वावरातली लोखंडी सब्बल घरात आणून ठेवली. चूल फोडतो आता."

मागून मोठीमायचा आवाज आला, "फोडा! फोडा ना! मंग तुमीच थापा भाकरी त्या गॅसवर!" आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही, कारण तिला खोकल्याची उबळ आली. फोन तसाच चालू होता आणि मी गेटवर उभी राहून तो खोकला ऐकत होते.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि मोठीमाय त्यांची बायको. हिवरखेडला आमची दोन घरं एकाच अंगणात आहेत, त्यामुळे मी वाढले कुठे म्हणाल तर तिच्या चुलीपाशी. मागच्या टिनाच्या छपरीत चूल, चुलीसमोर ती, आणि तिच्या बाजूला आम्ही पोरं वाट्या घेऊन. नोकरीसाठी अमरावतीला आले तरी रोज सकाळी तिला फोन करायचे. ती फोन स्पीकरवर टाकून फळीवर ठेवायची आणि भाकरी थापता थापता बोलायची. थप थप थप, मग तव्यावर टाकल्याचा चर्र आवाज. मला त्या आवाजावरून कळायचं की कितवी भाकर चालू आहे. पण गेल्या दिवाळीपासून मधे खोकला यायला लागला. आधी चार-पाच भाकरींमागे एकदा. मग दर दोन भाकरींमागे. मग तर एक भाकर, एक उबळ.

अकोटच्या डॉक्टरने तोंडात ओढायचा पंप दिला आणि साफ सांगितलं की धूर बंद करा. महिन्याने परत या. तोवर फरक पडला नाही तर पंपाची ताकद वाढवावी लागेल आणि तो कायमचा मागे लागेल.

आता तुम्ही म्हणाल, गॅस आहे ना घरात? आहे! शेगडी आहे, सिलिंडर आहे, त्यावर चहा होतो, पाहुणे आले की पोहे होतात. पण वावरातून कापसाची पऱ्हाटी निघते, तुराट्या निघतात, त्या अंगणात रचून पडलेल्या असतात, आणि ज्वारीची भाकर चुलीच्या आरावर जशी फुगते तशी गॅसवर फुगत नाही. ही सगळी कारणं ती सगळ्यांना सांगायची. खरं कारण मला एकदाच सांगितलं, तेही मी फार मागे लागले तेव्हा.

"ओट्यापाशी कोन बसते वं? उभ्यानं सैपाक करा, आन् सारे जन तिकडं टीव्हीपुढं. चुलीपाशी कसं, कोनी ना कोनी येऊन बसतेच. ह्या तुह्या मोठे बाबालेबी बोलाचं असलं काही तं चुलीपाशीच येऊन बसते."

हे ऐकल्यावर मी तिला चूल सोड म्हणूच शकले नाही. आणि तो खोकलाही ऐकू शकत नव्हते. फोनवर मोठे बाबांना म्हटलं, "मोठे बाबा, मले एक महिना द्या. डॉक्टरची तारीख येईपर्यंत सब्बल हातात घेऊ नका."

"तू काय करशीन? फुंकशीन?"

"पाहतो ना काय करता येते ते!"

म्हणजे मला काहीच माहीत नव्हतं, हे तुम्हाला कळलंच असेल.

पण आमच्या कंपनीत कापड धुवायला, सुकवायला वाफ लागते, आणि त्या वाफेचा बॉयलर एक काका सांभाळतात. गळ्यात पंचा, हातात सळी, आणि कोणी आत डोकावलं की ओरडतात. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्यापाशीच जाऊन बसले आणि विचारलं, काका, तुमच्या एवढ्या मोठ्या भट्टीतून धूर कावून निघत नाही?

ते एवढे खूश झाले! त्यांना बहुतेक कोणी कधी विचारलंच नव्हतं.

"धूर म्हंजे काय सांग बरं? न जळालेलं लाकूड! तू ते तोडलं, वाळवलं, डोक्यावर आणलं, आन् अर्धं आभायात सोडून देल्लं. आगीले खाले पाहिजे तितकंच श्वास घ्याले पाहिजे. तुह्या चुलीले खालून हवा कुठून येते?"

मी म्हटलं, "खालून? खाली तं राख असते."

"झालं मंग! नाकातोंडात राख कोंबली आन् वरून म्हनते जेव!"

त्यांनी डब्याच्या झाकणावर बोटाने चूल काढून दाखवली. मी मोबाइलमधे भराभर टाइप करत गेले. लाकडं चुलीच्या जमिनीवर ठेवायची नाहीत, खाली जाळी घालायची. जाळीच्या खालून समोर एक भोक, त्यातून हवा आत जाईल. लाकूड एकदम वाळलेलं आणि बारीक. एका वेळी तीन-चार काड्या, जळतील तशा पुढे सरकवायच्या. तोंड अर्धं मोकळं पाहिजे. भांडं चुलीवर गच्च बसवायचं नाही, खाली बोटभर जागा ठेवायची, आणि भांड्यावर झाकण. एवढंच! मला वाटलं होतं काहीतरी मोठं शास्त्र असेल.

शनिवारी परतवाड्याहून गाडी बदलत बदलत घरी पोचले. सोमवारची सुट्टी टाकली होती. मोठीमायने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे माही चूल तू मोडशीन, त्याइच्या सब्बलीनं नाही, तुह्या मोबाइलनं."

"मोडत नाही वं! सुधरवतो!"

शेवटी तीच कामाला लागली, कारण माझ्याने माती धड मळली जाईना. "हे काय, पोळीची कनीक आहे का? जोर लाव." घरकुलाच्या स्लॅबच्या उरलेल्या सळ्या होत्या, त्यांचे हातभर तुकडे मोठे बाबांनी करून दिले. चुलीच्या पोटात त्या आडव्या बसवल्या, आणि खाली समोरून चार बोटं रुंद भोक ठेवलं. वर मातीचे तीन छोटे उंचवटे, गंज म्हणजे पातेलं टेकायला. छपरीचं एक टिन वीतभर वर उचलून खाली विटा दिल्या, म्हणजे जो काही धूर होईल तो निघून जाईल. शेजारच्या काकू कुंपणावरून पाहत होत्या. "काय वं, लाँचर बनवून राहिल्या का मायलेकी? जाईन गंज चंद्रावर!"

मोठीमाय म्हणाली, "तू बस मंग त्याच्यात. साऱ्या गल्लीले शांतता भेटन."

सोमवारी सकाळी चूल ओली होती तरी पेटवलीच. मी पऱ्हाटीच्या बारीक काड्या मोडून तीन आत सरकवल्या. पहिल्यांदा थोडा धूर झाला, मातीतून वाफा निघाल्या, आणि मग भक्क करून खालून जाळ उभा राहिला. उभा! नेहमीसारखा तोंडातून बाहेर येणारा नाही, सरळ वर, तव्याच्या मधोमध. फुंकणीला कोणी हातही लावला नाही. मोठीमाय एकदम मागे सरकली.

"मायबाई! आवाज पाय कसा करून राहिली, ट्रॅक्टरावानी!"

भाकरी झाल्या, भाजी झाली, आंघोळीचं पाणी झालं, आणि पऱ्हाटीची अर्धी मोळी शिल्लक! मोठे बाबा तीनदा येऊन पाहून गेले. मी परतीच्या बसमधे बसल्या बसल्या बॉयलरवाल्या काकांना व्हिडिओ पाठवला, ऑफिसमधल्या सगळ्यांना पाठवला, ज्यांना चुलीशी काहीच देणंघेणं नाही त्यांनाही पाठवला.

पहिला आठवडा काय सांगू! रोज सकाळी फोनवर थप थप थप, सहा-सहा भाकरी, मधे खोकला नाही.

दुसऱ्या आठवड्यात परत खोकला आला. आधी वाटलं हवामान. तिसऱ्या आठवड्यात रोज. मी व्हिडिओ कॉल लावला तर मोठीमाय दिसेचना, नुसतं पांढरं.

"कितीक काड्या घातल्या?"

"चार."

"ओल्या असतीन."

"ओल्या कावून राहतीन? ह्या उन्हात?"

"मंग तोंड भरलं असशीन गच्च. नेहमीसारखं."

"चार म्हटलं ना. मी लबाड बोलून राहिली का?"

आणि मी, जिने तिच्या हातची भाकर खाऊन शाळा केली, तिला म्हणाले, "तुले सवयच आहे कोंबाची. मी नसली की तू तुह्याच मनानं करते."

भाकर थापायचा आवाज थांबला. मग मोठे बाबांनी फोन उचलला. "राहू दे आता. चार दिवसानं डॉक्टरची तारीख आहे. ते झालं की मी फोडतो. तू नको येऊ."

नको येऊ म्हटल्यावर मी जाणार नाही का? रविवार मधे होता. पण या वेळी ठरवलं की काही शिकवायचं नाही. तोंड बंद ठेवून नुसतं पाहायचं. शनिवारी संध्याकाळी पोचले तेव्हा मोठीमायने जेवायला वाढलं. रविवारी उजाडताच मी छपरीत तिच्या मागे पाटावर जाऊन बसले.

तिने आधी चूल झाडली. राख वरून, जाळीतून काढता आली तेवढी काढली. मग बादलीत शेण-माती कालवली आणि चुलीला पोतेरं घ्यायला लागली. हे ती रोज करते. तिच्या आईने केलं, तिच्या सासूने केलं, पारोशी चूल पेटवायची नाही. तिचा तळहात चुलीवरून असा फिरतो ना, जसं लहान पोराला तेल लावावं. वरून खाली, बाजूने, समोरून, कडेवरून गोल. मी ते पाहत बसले होते आणि एकदम माझ्या लक्षात आलं की समोर, खाली, काहीतरी नाही.

"मोठीमाय, भोक कुठं गेलं?"

"कोनतं?"

"खालचं! चार बोटाचं!"

तिने हाताने चाचपलं. करंगळी जाईल न जाईल एवढं छिद्र उरलं होतं, आणि तेही आतून राखेने भरलेलं. रोज एक पातळ थर, रोज कड गोल करणारा तिचा हात. रोजच्या त्या हाताने ते बुजत आणलं होतं.

"हे होय! हे तं राख काढाले केलं ना तू? मले वरूनच सोपं पडते. आन् असं फुटकं तोंड चुलीले बरं नाही दिसत वं, म्हून मी बरोबर करत गेली."

मी कपाळावर हात मारला. तिला मी काड्या किती सांगितलं होतं, टिन उचललं होतं, झाकण सांगितलं होतं, बॉयलरचे फोटो दाखवले होते. ते भोक कशासाठी, हे एवढं एकच सांगितलं नव्हतं! मला वाटलं, कळलंच असेल. आणि वरून तिलाच कोंबते म्हणाले होते.

"मोठीमाय, ते राखेचं नाही. चूल तिथून श्वास घेते. तेच नाक आहे तिचं."

तिचा मातीचा हात तसाच थांबला. तिने त्या बुजलेल्या जागेवर बोट टेकवलं. मग इतक्या हळू म्हणाली की मला वाकून ऐकावं लागलं, "म्हंजे इलेबी माह्यासारखाच दम लागून राहिला होता. आन् मी रोज तिचं नाक दाबून राहिली होती."

"तू नाही वं. मीच सांगितलं नाही तुले. आन् फोनवर मी जे बोलली ना..."

"ते जाऊ दे. संडाशी आन."

तिनेच ते भोक कोरलं, सांडशीच्या टोकाने, हळूहळू, आतली राख ओंजळीने काढून. मग राहिलेलं पोतेरं घेतलं, पण डाव्या हाताची चार बोटं भोकात घालून ठेवली आणि उजव्या हाताने त्यांच्याभोवती सारवलं. सारवून झाल्यावर बोटं काढली तर भोक जसंच्या तसं. ही युक्ती मला सुचली नसती. तीन काड्या घातल्या आणि जाळ पुन्हा उभा राहिला. तेवढ्यात मोठे बाबा आले, म्हणाले, "आता काय झालं?" तर ती म्हणाली, "काही नाही. बसा. तुमची सब्बल नेऊन ठेवा वावरात, अन् मंग बसा."

डॉक्टरकडे बुधवारी गेले दोघं. मी तिकडे कामावर बसून फोनकडे पाहत होते. छाती तपासून डॉक्टर म्हणाले, घरघर थोडी कमी आहे. पंप आताच बंद नाही, पण ताकद वाढवायची गरज नाही, आणखी एक महिना पाहू. मोठे बाबांनी मला एवढंच सांगितलं. पूर्ण बरं झालं असं मीही म्हणत नाही. आंघोळीचं पाणी आता उन्हात काळ्या ड्रमात तापतं, सकाळचा चहा गॅसवर, म्हणजे चुलीपाशी तिचा वेळही कमी झाला. पण भाकर चुलीवरच होते. आणि मोठे बाबा चहाचा कप घेऊन तिथेच येऊन बसतात.

आज सकाळी फोन लावला. थप थप थप. मी इकडे खाटेवर डोळे मिटून मोजत होते. पाच. सहा. सात. ती मधेच शेजारच्या काकूंचं सांगत होती की त्यांनाही तशीच चूल करून पाहिजे, "म्या म्हटलं, करून देतो, पण पोतेरं घेताना बोटं काढाची नाहीत. आंदी नाक, मंग बाकी." आठ. नऊ. नऊ भाकरी!

दहावीला ती खोकली.

मी ताडकन उठून बसले. "मोठीमाय?"

"मिरची आहे वं, मिरची! ठेच्याची मिरची टाकली तव्यावर. दर वेळेस चुलीचं नाव नको घेऊ."

मागून मोठे बाबाही खोकले. "खरंच मिरची आहे," ते म्हणाले, "माह्याबी नाकात गेली."