सोनईच्या स्टुडिओतल्या पोरी

फोटूच्या धंद्यात लोक फोटू घिऊन जात्यात आन् किस्से आपल्याकडं ऱ्हात्यात. बहात्तरच्या दुष्काळाच्या आगंमागं सोनईत आमच्या मालकांचा स्टुडिओ हुता. हे क्यामेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घालायचे, पोरींची पावडर-वेनी मी करायची. शाळा चौथीत सुटली माझी, थट्टा काय सुटली न्हाई.

*

पोरी यायच्या त्या स्थळाला पाठवायच्या फोटूसाठी. स्टुडिओची भारी साडी एकच, घड्याळ एकच, ते बी बंद. सगळ्यांना तेच!

एकदा कर्जतची एक मावशी भाच्यासाठी आलेले चार फोटू घिऊन आमच्याकडंच आली. "ह्या चौघी एकाच घरच्या का वो? चौघींची साडी बी तीच, घड्याळ बी तेच."

मी म्हनलं, "व्हय. माझ्याच हायेत."

मावशी खुर्ची वढून बसली. "मंग थोरली कंची?"

*

एक पोरगी आली, लई वाकून चालायची. घरात आरसा तळहाताएवढा, आपलं नाक दिसलं तर कान दिसायचा न्हाई. तिचा उभा फोटू काढला. हातात घिऊन बघतच ऱ्हायली.

"काकू, मी एवढी उंच हाय?"

तिची आई म्हनली, "झालं. आता दारातनं वाकून यायची न्हाई ही."

*

पोरीचा फोटू पोराकडं जायचा, पोराचा कंदी यायचा न्हाई. आमच्या आळीतल्या हिराला पोरगा बघून गेला, पसंती कळवली. पोहे देताना हिरानं एकदाच वर बघितलेलं. बापाला म्हनली, "त्यांनी माझा फोटू बघितला, मी त्यांचा बघनार. मंगच व्हय म्हनंन."

बाप म्हनला, "अगं, असलं मागून स्थळ मोडंल."

पन निरोप मिळताच पोरगा सायकल मारत सोता स्टुडिओत फोटू काढाया आला. तोंडभर देवीच्या रोगाचे वन, डोळे मातुर गरीब. मालकांनी सवयीनं निगेटिवावर पेन्सिल फिरवली, सगळे वन बुजवले. गाल लोण्यासारखे!

दुसऱ्या दिवशी हिरा फोटू घिऊन हजर. मागनं बाप, तोंड उतरलेलं.

"काका, ह्यो कोन?"

"तुझाच नवरदेव की."

बाप म्हनला, "एवढा देखना हाय, आता काय अडलं?"

हिरानं फोटू टेबलावर पालथा ठिवला.

"काका, ती पेन्सिल पुसा. मी बघितला त्यो द्या."