योशिको काकूंचं बेट

"तुम्ही टोकियोच्या ना?" असं कुणी विचारलं की योशिको काकू हातातली प्लेट खाली ठेवून भांडायला उभ्या राहायच्या. "कागदावर टोकियो! मी आओगाशिमा बेटाची आहो. नकाशात पाह्य. नाही सापडलं तं मले विचार." अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळातले लोक हसून जेवणाच्या रांगेत सरकायचे. मला त्या हसण्याची चीड यायची.

नवरा नागपूरचा डॉक्टर आणि मराठी शिकवली सासूनं, म्हणून या जपानी बाईच्या तोंडी ही भाषा. मी त्यांची शेजारीण. बेटाचा विषय निघाला की माझा चहा गार व्हायचा. समुद्रातून सरळ वर आलेला ज्वालामुखी, त्याच्या पोटात आणखी एक डोंगर. वाळूचा किनारा नाही, नुसते कडे. जमिनीतून वाफ येते, तिच्यावर रताळी शिजवायची. वारा आणि धुकं तर नेहमीचंच. बोट धक्क्यापर्यंत जाते आणि लाट मोठी असली तर कुणालाही न उतरवता परत फिरते. दोनेकशे वर्षांपूर्वी डोंगर फुटला, तेव्हा वाचलेले लोक शेजारच्या बेटावर पळाले. परतायला पन्नास वर्षं लागली, मधे होड्या बुडाल्या. "तरी गेलेच ना बापा," काकू म्हणायच्या.

बेटावर हायस्कूल नाही, म्हणून त्या पंधराव्या वर्षी बाहेर पडल्या. काका गेल्यावर, ऐंशी उलटल्यावर, त्यांनी एकच हट्ट धरला: एकदा घरी जायचं. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी परवानगी दिली. मी सोबत जाणार होते. आणि बॉथेलला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं, निखिलनं, कुणाला न विचारता बुकिंग कॅन्सल केलं.

"आई, इतकं लांब जायचं आणि बोट धक्क्याला लागेल याची गॅरंटी नाही. इट्स नॉट वर्थ इट," तो फोनवर म्हणाला.

"गॅरंटी मांगून राह्यला हा!" काकू माझ्याकडे बघून ओरडल्या. "बोट परत फिरली तं फिरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो आम्ही. याले काऊन समजत नाही?"

त्याला समजलं नाही. पुढच्या हिवाळ्यात काकू न्यूमोनियानं गेल्या. अंत्यविधीला "शी वॉज सो हॅपी हिअर" असं तो म्हणाला, तेव्हा मी उठून बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले.

परवा त्याचा फोन आला. "ताई, आईच्या अस्थी बेटावर नेतोय. तू येशील?"

"बोट धक्क्याला लागली नाही तर?" मी विचारलं.

"मग पुन्हा ट्राय करू. लागेपर्यंत थांबेन, सुट्टी टाकलीय."

मी फोन आपटला. हे त्यानं आईला म्हणायचं होतं.