धरमपुरीच्या अलीकडे बंद पडलेलं मोटरहोम

मोटरहोम घेऊन नर्मदेवर जावं का, असं बरेच जण विचारतात, म्हणून लिहितेय. फोटो मात्र एकही काढलेला नाही.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आमच्या बाबांना बसता येत नाही. त्यात नर्मदाकाठच्या धरमपुरीहून फोन आला की आत्याचं काही खरं नाही. बाबांची ती एकुलती बहीण. अ‍ॅम्ब्युलन्सचं नाव काढलं तर भडकलेच. "आजारी माणसाला बघायला असं जातात का गं? भिऊन आधीच जाईल ती!" मग माझ्या नवऱ्यानं, शिरीषनं, इंदूरहून पलंगवालं मोटरहोम भाड्यानं आणलं. भाडं म्हणजे अक्षरशः लूट.

देवासहून सकाळी निघालो. बायपास झकास आहे. मानपूरला पोहे खाऊन घ्या, पुढे घाटात काही मिळत नाही. बाबा आडवे पडून आत्याच्या लहानपणच्या खोड्या सांगत होते.

घाट उतरताना जळका वास आला. "ब्रेक लागत नाहीये!" शिरीष ओरडला. मी बाबांना दोन्ही हातांनी पलंगावर दाबून धरलं. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत त्यानं गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली. जिवंत राहिलो, बस्स. घाटात गाडी कमी गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. हे आम्हाला धामनोदहून आलेल्या मिस्त्रीनं नंतर सांगितलं.

"भिया, सामान इंदौर से आएगा. आज का तो भूल जाओ," म्हणाला.

तेवढ्यात आत्याच्या मुलाचा, राजूदादाचा फोन आला. आत्या गेली होती. "मामांना सांग, लोक आ गए हैं. सूर्य मावळायच्या आत न्यावं लागेल."

बाबा रडले नाहीत. उशाखालची पिशवी काढायला सांगितली. आत कोरी जांभळी महेश्वरी साडी. आमच्यात बाईच्या अंगावर शेवटची साडी माहेरची लागते, आणि ती भावानं घालायची.

"बाबा, तुम्ही आधीच घेऊन ठेवली होती?"

"मग? मूर्ख आहे का मी?"

आता अ‍ॅम्ब्युलन्सलाही हो म्हणाले, पण ती दुसऱ्या अपघातावर गेलेली. एक पिकअपवाला थांबला. गादी टाकून बाबांना उचललं, तर असे किंचाळले की परत आत ठेवावं लागलं. धरमपुरी तासाभरावर, आणि आम्ही तिथेच! मला इतका संताप आला की दारावर लाथ घातली. बाबांनीच साडी शिरीषच्या हातात दिली. "जा तू. पदर डोक्यावरून घ्या म्हणावं." मिस्त्रीच्या मोटरसायकलवरून तो गेला.

अंधार पडल्यावर परतला.

"घातलीत?"

"घातली, बाबा."

"पदर?"

"डोक्यावरून."

मग बाबा रडले. बाहेर येऊन शिरीषनं मला सांगितलं, तो नदीवरच्या घाटावर पोचला तेव्हा चिता पेटलेली होती.

आता देवासला घरी आहोत. मोटरहोम घ्यावं का? घ्या बापडे, हौस असेल तर. मला पुन्हा त्यात पाय ठेवायचा नाही. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "मी नाही पोचलो, पण माझी साडी नेसून गेली." ती साडी माझ्या कपाटात आहे, सगळ्यात खाली, जुन्या चादरीत गुंडाळलेली. बाबा हा ब्लॉग वाचत नाहीत. तुमच्यापैकी कुणी घरी आलंच, तर त्यांचं बोलणं ऐकून घ्या आणि हो म्हणा.