घड्याळावर पाजलेलं मूल

माझा पहिला मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना मी त्याला जवळजवळ उपाशी मारलं होतं. हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, छे, आई कधी असं करेल का. करते. थोडी शिकलेली असली तर जास्त नीटनेटकेपणाने करते.

पन्नासचं दशक निम्म्यावर आलं होतं. पिंपरीला एक नवा कारखाना उभा राहिला होता आणि माझे यजमान तिथल्या प्रयोगशाळेत लागले होते. मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. माहेरी बाळंतपण उरकून, दोन महिन्यांचं मूल घेऊन मी कॉलनीतल्या दोन खोल्यांत आले. सगळीकडे माळरान, पलीकडे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांचा कॅम्प, आणि मध्ये आमच्या घरांच्या चार रांगा. घरं थोडी, पण मोठेपणा एखाद्या शहराला पुरून उरेल एवढा.

यंत्रं बसवायला परदेशातून एक तज्ज्ञ आला होता. त्याची बायको कुठल्याशा थंड मुलुखातली, उंच, उन्हाने नाक सोललेली. लग्नाआधी ती तिकडे नर्स होती म्हणे. दर बुधवारी क्लबच्या हॉलमध्ये ती कॉलनीतल्या बायकांची मुलं तपासायची. ती इंग्रजीत बोले आणि महिला मंडळाच्या चिटणीसबाई ते आम्हाला मराठीत सांगत. चिटणीसबाई म्हणजे मोठ्या साहेबांच्या पत्नी. त्यांचे दोन मुलगे निघोज्याहून आणलेल्या एका बाईच्या कडेवर वाढत होते. आईच्या कडेवर ती मुलं मी फक्त फोटोत पाहिली. तरी मुलं कशी वाढवावीत याबद्दल त्यांच्याइतकं ठाम मत अख्ख्या कॉलनीत कुणाचं नव्हतं.

"मॅडम म्हणतात, मूल रडलं म्हणून उचलायचं नाही. लाडावतं," त्या सांगत. "सहा, दहा, दोन, सहा, दहा. एवढ्याच वेळा पाजायचं. मध्ये एक थेंब नाही. आपल्या लोकांना शिस्त म्हणून नाही, ती इथून सुरू होते."

त्यांनी या वेळांचे तक्ते सुवाच्य अक्षरात लिहून वाटले. मी माझा तक्ता खळ लावून भिंतीला चिकटवला आणि त्याखाली गजराचं घड्याळ मांडलं. मूल आठालाच रडायला लागायचं. मी समोर बसून काट्याकडे बघायची. दूध आपोआप यायचं, चोळी भिजायची, पण दहा वाजेपर्यंत मी त्याला हात लावत नसे. रडून रडून त्याचा आवाज बसायचा आणि दहाला छातीशी घेतलं की दोन घोट पिऊन दमून झोपायचा. शेजारच्या बायका जाता-येता दारात थांबून म्हणायच्या, "तुमचं अगदी शिस्तीत चाललंय हो." मला ते ऐकायला आवडायचं. हे लिहायची लाज वाटते, पण ते खरं आहे.

महिन्याभरात माझं दूध कमी झालं आणि त्याचे गाल बसले. यजमान म्हणाले, "मॅडम तज्ज्ञ आहेत, त्यांना कळत असेलच." ते दिवसभर काचेच्या नळ्यांत डोळे घालून बसायचे. घरातल्या मुलाकडे बघायला त्यांनी आईला बोलावलं.

सासूबाई आल्या, तक्ता पाहून हसल्या. "घड्याळाला इचारून आमी न्हाई पोरं पाजली," म्हणाल्या. मला वाटलं, सुटले. त्यांनी सहाण मांडली, वेखंड, जायफळ, हळकुंड उगाळून गुटी दिली. त्या दुपारी मूल रडलंच नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. तिसऱ्या दिवशी दोन वाजता मी त्याला पाजायला उठवू लागले तर ते उठेना. मान कलती, डोळे अर्धवट. मी सासूबाईंना विचारलं, गुटीत आणखी काय आहे.

"अफू. मोहरीयेवढी," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुजा नवरा तिच्यावरच वाढला. पोरं जागी राह्यली तर बायांनी शेतात जायाचं कवा?"

म्हणजे एकीच्या शिस्तीत त्याने एकटं रडायचं आणि दुसरीच्या परंपरेत रडायचंसुद्धा नाही. त्याचं पोट मात्र दोघींच्याही हिशेबात नव्हतं. मी अफूची पुडी मोरीत ओतली. मूल रात्री जागं झालं. सासूबाई दुसऱ्याच दिवशी ट्रंक घेऊन निघाल्या. आणि मी शहाणी पुन्हा तक्त्यावर आले.

कॅम्पातली एक सिंधी बाई पापड विकायला यायची. माझ्याच वयाची, पाठीवर ओढणीत मुलगा बांधलेला, मागे पाच-सहा वर्षांची मुलगी टोपली धरून. एकदा सकाळी नऊच्या सुमाराला ती आली तेव्हा आत मूल रडत होतं आणि मी दारात पापड निवडत होते.

"बाळ रडते," ती म्हणाली.

"दहा वाजता त्याची वेळ आहे," मी म्हणाले.

तिला वाटलं आपल्याला मराठी नीट समजलं नाही. तिने पुन्हा तेच म्हटलं. मग सरळ चपला काढून आत गेली, मुलाला उचललं आणि त्याची मांडी दोन बोटांत धरून मला दाखवली. मांडीची कातडी सैल लोंबत होती. "हे भूक आहे," ती म्हणाली. मी तिच्या हातातून मूल काढून घेतलं आणि तिला सांगितलं की आमच्याकडे डॉक्टरी पद्धतीने चालतं. तिने चपला घातल्या आणि ती गेली.

त्याच बुधवारी मी हॉलमध्ये गेले. चार बुधवार मॅडमने माझं मूल वजनकाट्यावर ठेवून आकडा वहीत उतरवला होता. त्या दिवशी तिने बहुधा पहिल्यांदाच मागची पानं उलटली. तिचा चेहरा बदलला. ती माझ्याकडे बघून इंग्रजीत काहीतरी भराभर बोलली.

चिटणीसबाई म्हणाल्या, "मॅडम म्हणतात, तुम्ही वेळा नीट पाळत नाही."

मॅट्रिकला मला इंग्रजीत बरे गुण होते. मॅडमचं इंग्रजीही शिकून आलेलं, साधं, तुटक. इतके दिवस मी ते ऐकलंच नव्हतं. मोठ्या साहेबांची बायको बोलायची तेच ऐकायचं, अशी आमची सवय. त्या दिवशी ऐकलं. ती म्हणत होती, "हे मूल उपाशी आहे. आत्ता पाज. रडेल तेव्हा पाज. तो तक्ता बाटलीच्या मुलांचा होता, तो तुला कुणी दिला?"

मी तिथेच सतरंजीवर बसले आणि मुलाला पाजायला घेतलं. वाजले होते अकरा. चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, निदान पलीकडे तरी बसा. मॅडमसमोर कसं दिसतं."

"त्यांनीच सांगितलंय," मी म्हणाले. "तक्ता बाटलीच्या मुलांसाठी होता, असंही सांगितलंय. ते तुम्ही सांगायचं विसरलात."

हॉलमधल्या बायकांनी आपापल्या मुलांची टोपडी सारखी करायला घेतली. पुढच्या बुधवारी चिटणीसबाईंनीच जाहीर केलं की अंगावरच्या मुलाला भूक लागेल तेव्हा पाजावं, मॅडमचं पहिल्यापासून हेच मत आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. तक्ते कुणी विस्तवात घातले, कुणी फडताळात अंथरले.

मुलगा दोन महिन्यांत भरला. सासूबाईंनी गावी सांगितलं, माझ्या गुटीने भरला. यजमानांनी सांगितलं, शास्त्राने.

मी पापडवालीला बोलावून चहा दिला आणि तिचं खरं होतं असं कबूल केलं. मग आमचं बोलणं वाढलं. कधी मीही तिच्या बराकीत जायची. तिथे मी पाहिलं की ती मुलाच्या पोळीवर लोण्याचा गोळा ठेवते आणि मुलीला तीच पोळी कोरडी देते. दोन-तीनदा पाहून मी म्हणाले, "तिलाही दे की. तीही उपाशीच आहे."

तिने तवा उतरवला. "तू शिकलेली," ती म्हणाली, "तुझा स्वतःचा मुलगा महिनाभर रडत होता, तू घड्याळ बघत होतीस. आता मला शिकवते?"

मी उठून घरी आले. पुढचे दोन महिने मी दुसऱ्या बाईकडून पापड घेतले, आणि ते चांगले नव्हते. त्या मुलीला लोणी मिळालं की नाही, हे मी कधी विचारायला गेले नाही.