मगदूम वकिलांचं रात्रीचं जेवण

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि देवापुढं हात जोडते तेव्हाही नाही — तिथं मुद्दाम दुसरंच काहीतरी मागते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या गावचे नाही, एवढंच कारण.

बाळू माझा धाकटा भाऊ. पलूसजवळच्या आमच्या गावात विहीर दोन घरांत — आमच्या आणि शेजारच्या अण्णासोंच्या. मोटर एक, पाण्याला पाळ्या. पाळीवरून कुरबूर नेहमीचीच होती. पण त्या सकाळी अण्णासोंच्या थोरल्यानं, विक्रमनं, लोखंडी पाइप उचलला आणि बाळूच्या डोक्यात घातला. बाळू जागीच गेला. मी बाळूची न्याहारी घेऊन नुकती बांधावर पोचले होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. विक्रम तुरुंगात कुजून मेला तरी मला काही वाटणार नाही — हे आधीच सांगून ठेवते, उगाच मी भली बाई आहे असा तुमचा समज नको.

पण फिर्यादीत मी नावं दोन दिली. विक्रम, आणि त्याचा धाकटा भाऊ सागर. सागरनं बाळूचे हात धरले, असं सांगितलं.

खटला सांगलीच्या कोर्टात उभा राहिला. सरकारी वकील मगदूम साहेब — जैन, पांढऱ्या केसांचे, हळू बोलणारे. एका संध्याकाळी माझा जबाब वाचता वाचता त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि डबा उघडला. "दिवस मावळायच्या आत दोन घास खातो, ताई. नंतर चालत न्हाई." अर्धी भाकरी त्यांनी माझ्यापुढं ठेवली. मी खाल्ली. शेवटचा घास तोंडात असताना त्यांनी विचारलं — "सागर खरंच तिथं व्हता?"

मी व्हय म्हणाले. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, त्या पोराविरुद्ध तुमच्या शब्दापलीकडं काही नाही. ते नाव मी ताणून धरणार नाही.

त्या क्षणी ते मला विक्रमपेक्षा मोठे वैरी वाटले. कळतंय का तुम्हाला? आमच्या आईला मुलगा एकच होता. अण्णासोंच्या बायकोला दोन. एक आत गेला तरी दुसरा तिच्या म्हातारपणी उशाशी बसणारच ना? तेच मला नको होतं. तिचं घर आमच्यासारखं व्हायला हवं होतं — पार रिकामं.

म्हणून मी अर्ज केला, की या खटल्यासाठी सरकारनं स्वतंत्र विशेष वकील नेमावा. असा वकील कधी नेमतात, ते मी नीट विचारून घेतलं होतं. आरोपी वजनदार असेल, वरून दाब येत असेल, सरकारी वकिलाचं त्या घराशी साटंलोटं असेल — तेव्हा. फिर्यादीला नको तो प्रश्न विचारला म्हणून नव्हे. अण्णासो वजनदार होतेच, पंचायतीत त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. साटंलोटं तेवढं नव्हतं. ते मी रचलं. मगदूम वकिलांना रात्री साडेआठला अण्णासोंच्या सोप्यात जेवताना मी स्वतः पाहिलं — असं प्रतिज्ञापत्रावर सही करून दिलं.

जेवणच का सुचलं? आमच्याकडं खाल्ल्या मिठाला जागतात. अमका तमक्याच्या घरी जेवला म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. आणि मीठ तर मीच खाल्लं होतं त्यांचं.

कोर्टातला कारकून माझ्या अर्जाची प्रत वाचून हसलाच. "मगदूम साहेब आन रात्री जेवले? आवं ताई, सवताच्या लेकीच्या लग्नात बी त्यांनी पाचलाच ताट उरकलं." तेव्हा कुठं तो डबा आठवला. पण मूळ अर्ज मुंबईला, मंत्रालयात गेला होता, आणि सांगलीत कोण कधी जेवतं हे मुंबईला काय माहीत?

एका वाक्यात मगदूम साहेबांना माझा अर्ज उडवता आला असता. त्यांनी उलट 'माझी हरकत नाही' असं लिहून दिलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर गाठ पडली तेव्हा एवढंच म्हणाले, "ज्या घरातलं माणूस मेलंय त्यांचा वकिलावर इस्वास नसंल, तर सरकारनं दुसरा द्यायलाच पायजे. कारण खोटं हाय, ताई. मागणी खोटी न्हाई."

पुढं त्यांच्या नेमणुकीची मुदत संपली ती वाढवली गेली नाही. रात्री आरोपीच्या घरी जेवणारा वकील — ही कुजबुज त्यांच्या बस्तीपर्यंत, देवळातल्या माणसांपर्यंत पोचली, असं ऐकलं. मी ती थांबवली नाही.

नवे वकील पुण्याहून आले. हुशार, करडे. त्यांनी मला सागरबद्दल तो प्रश्न कधीच विचारला नाही — त्यासाठीच तर मी त्यांना आणलं होतं. सागर कोर्टात म्हणाला, मी दूध डेअरीवर होतो, ताई मला तिथं भेटली, तिलाच विचारा. मला विचारलं. मी म्हणाले — नाही. डेअरीवाल्यानं त्याच्या बाजूनं साक्ष दिली, पण तो त्यांचाच भाऊबंद, त्याचं कोण धरणार?

दोघांनाही जन्मठेप झाली. अण्णासोंची बायको कोर्टाच्या आवारात मातीत बसली ती उठेना. मी उभी राहून बघत होते. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. अजूनही त्यांच्या दारावरून जाताना मी मान वळवून आत बघते — ती एकटी बसलेली असते.

आता राहिलेलं सांगते.

त्या सकाळी न्याहारी घेऊन निघाले तेव्हा सागर डेअरीपाशी कॅन उतरवत होता. मला बघून त्यानं हाक मारली. "ताई, बाळूदादाला सांग, आजची पाळी तूच घे म्हणावं. आमचं रान भिजलंय. विक्रमदादाला मी सांगतो."

तो निरोप घेऊनच मी विहिरीवर गेले होते.