कातडी गुलाबी होईपर्यंत

लेम्पी तुंबडीवाली माझ्या डोक्यातच जायची. गावातल्या प्रत्येक पाठीवर तिनं रक्त ओढायच्या तुंबड्या लावलेल्या, त्यामुळे कुणाचीही कातडी बघून ती तोंडावर बोलायची. "सूनबाई रागावल्यात, कान बघा कसे लालेलाल!" तेही माझ्याबद्दल, चारचौघांत. चाळीस वर्षं सॉनाच्या, त्या तापलेल्या न्हाणीघराच्या, वाफेत बसून हिची जीभ कशी पोळली नाही, असं मला वाटायचं.

मार्चमधल्या त्या शनिवारी माझा नवरा एमिल तळ्यावर बर्फाखाली लावलेली मासे धरायची जाळी काढायला गेला आणि बर्फ फुटून आत पडला. दीर आर्मासनं त्याला दोरीनं ओढून काढलं, घसरगाडीवर घालून अंगणात आणलं. ओठ निळे, कातडी मैद्यासारखी पांढरी. डोळे उघडे होते, पण मला ओळखत नव्हते.

शनिवार म्हणजे सॉना सकाळपासून तापलेला. आमच्याकडे पोर जन्मतं सॉनात, मढं धुतात सॉनात. गारठलेल्या माणसाला दुसरीकडे कुठे नेणार? आम्ही त्याला उचललं, तर तुंबड्या लावायला आलेली लेम्पी दारात आडवी.

"आत न्यायचा नाही!"

"हो बाजूला, म्हातारे! मरेल तो!" मी किंचाळले.

"आत नेलास तर मरेल. कातडी पांढरी का पडलीय? तिथल्या शिरा आवळल्यात, रक्त काळजापाशी राखलंय. वाफ लागली की त्या एकदम उघडतील, रक्त सगळं कातडीकडे पळेल. काळजाला काय उरेल गं? घरात घ्या. आडवाच ठेवा. हातपाय चोळू नका."

आर्मासनं दारूची बाटली काढली. "वहिनी, घोटभर तरी पाजू?"

लेम्पीनं ती हिसकावून बर्फात भिरकावली. "तीही शिराच उघडते, मूर्खा!"

तिचे हात थरथरत होते. त्या बाईचे हात थरथरताना मी कधी पाहिले नव्हते, म्हणूनच बहुधा मी तिचं ऐकलं.

घरात नेऊन ओले कपडे कापून काढले. घोंगड्यांखाली मी उघड्या अंगानं त्याच्या छातीला चिकटून पडले. देवा रे, मढ्याला मिठी मारल्यासारखं वाटलं. तो एक श्वास घ्यायचा, मग नाहीच. मी मनात आकडे मोजायचे, दहापर्यंत पोचायचे, तेव्हा कुठे दुसरा. खिडकीतून सॉनाचा धूर दिसत होता, तीस पावलांवर. आर्मास माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच त्याच्या भावाला मारतेय. आणि खरंच मारत असले तर?

"लेम्पी, हा गेला ना, तर तुला त्याच सॉनात कोंडीन!"

"कोंड. पण आत्ता हलू नकोस."

कितीतरी वेळानं एमिलचे दात कडकड वाजायला लागले. सगळं अंग हुडहुडलं. मला वाटलं, संपलं. पण लेम्पी म्हणाली, "थरथरतोय! अंग स्वतःच ऊब धरतंय! शाबास रे!" आणि भिंतीला टेकून रडायलाच लागली.

दिवस कलताना त्याचे कान गुलाबी झाले. "जाळं राहिलं गं तिकडं," तो पुटपुटला. मी हसले की रडले, मला आठवत नाही.

लेम्पीच्या हातात कॉफी देत मी विचारलं, "मावशी, तुला कसं कळलं?"

ती एमिलच्या कानांकडेच बघत राहिली.

"माझा ओस्कारही असाच पडला होता. लग्नाला सहा महिने झाले होते. मीच नेला त्याला सॉनात, वरच्या बाकावर बसवला. बघता बघता असा गुलाबी झाला गं! मी आनंदानं टाळ्या पिटत होते, तेव्हाच तो खाली कोसळला."